आमच्या गांवची गोधडी

स्कॉटलंड देशांतील गॅलाशील्स या गांवीं एक लांबलचक भरतकाम जतन करून ठेविलें आहे. त्याची लांबी १४३ मीटर असून तें १६० तुकड्यांचें आहे. आणि सुमारें एक हजार सामान्य माणसांनीं तें सुईदोऱ्यानें पुरें केलें. २०१३ सालीं तें प्रथम लोकांपुढें आलें व २०२१ पासून त्यास कायमची जागा मिळाली. त्यांत राजे आहेत, लढाया आहेत. परंतु हेरिंग मासे साफ करणाऱ्या मुली, खाणींतील मजूर, जहाजें बांधणारे कारागीर यांसही तेथें मान मिळाला आहे. आमच्या जालन्यास एकोणिसाव्या शतकांत रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं जें मिशनकार्य केलें, तें याच देशांतील फ्री चर्चच्या वतीनें; म्हणून तेथील ही हकीकत या वार्षिकाच्या वाचकांस अगदींच परकी वाटूं नये.

तीर्थपुरीसही असें एक काम व्हावें, व तें आपल्या शाळेनें हातीं घ्यावें, असें माझें मत आहे. मात्र नक्कल नको. त्यांनीं कापडावर लोकरीनें चित्रें भरलीं. आपणांपाशीं गोधडी आहे.

गोधडीची महती आपण जाणत नाहीं, कारण ती आपल्या अंगाखालीं असते. लुगडें विरलें, धोतर फाटलें, कीं तें टाकून न देतां एकावर एक थर पसरावयाचे, वर ठिगळें जुळवावयाचीं, आणि कडेपासून आंत आंत येत धावदोऱ्याच्या ओळी घालीत जावयाचें. तळच्या थरांत आजीचें लुगडें, मधल्या थरांत बापाचें धोतर, वर नातवाच्या सदऱ्याचें ठिगळ. अशा तीन पिढ्या बोटभर जाडींत नांदतात. पैठण आमच्यापासून फार दूर नाहीं. तेथल्या पैठणीस २०१० सालीं भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला, व तो योग्यच झाला. पण पैठणी विणणाऱ्यानें ती आपल्या घरीं नेसविली असें क्वचितच घडलें असेल. वाकळ मात्र शिवणारीच्याच लेकरांनीं पांघरली. चिंध्यांचा वेष करून गांवोगांव झाडू मारीत हिंडणाऱ्या गाडगेबाबांना लोक भक्तीनें नमस्कार करितात. त्याच चिंध्या घरच्या म्हातारीनें शिवल्या, तर तिला कलावंत म्हणावयास आपली जीभ रेटत नाहीं.

आतां या गोधडींत काय असावें? देऊळ, कमळ, मोर हीं सुचतीलच, आणि तीं सोडावींत असें मला वाटतें. जांब येथें १६०८ सालीं समर्थ जन्मले याचा आपल्या तालुक्यास अभिमान आहे, पण समर्थांची आठवण ठेवण्यास आमच्या गोधडीची गरज नाहीं. ज्यांची आठवण कोठेंही लिहिलेली नाहीं, त्यांचें काय? १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडावयास गेलेल्या बाया आज पणज्या झाल्या आहेत. लाल मिलो व सुकडी खाऊन त्यांनीं रस्ते केले, पाझर तलाव खोदले. त्या कामांतूनच पुढें रोजगार हमीची योजना वाढली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. कायद्याचा मजकूर छापलेला मिळतो; हातोडा धरलेल्या हाताचें चित्र मिळत नाहीं. १९७६ सालीं पैठणचें धरण पुरें झालें, जायकवाडीचा डावा कालवा आला, आणि ज्वारी-कापसाच्या या मुलखांत ऊस उभा राहिला. एकीनें खडी फोडली, तिच्या लेकीनें कापूस वेंचला, नातीनें मोळ्या बांधल्या. हा आमच्या भागाचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे. आणि तो तीन ठिगळांत मावतो.

येथें एक आक्षेप येईल, व तो हलका नाहीं. कोणी आईबाप म्हणतील, “आमच्या दारिद्र्याचें प्रदर्शन कशाला? मुलगी शाळेंत घातली ती कोयता विसरावा म्हणून, भिंतीवर टांगावा म्हणून नव्हे.” हें बोलणें मला खरें वाटतें. ऊसतोडीच्या हिशेबांत नवरा-बायको दोघें मिळून ‘एक कोयता’ धरिली जातात. बाईचें स्वतंत्र नांव त्या वहींत उमटतच नाहीं. म्हणूनच माझें म्हणणें असें कीं, दुसऱ्या कोणीं दया येऊन तिचें चित्र काढूं नये. तिचें ठिगळ तिनेंच शिवावें, काय दाखवावें व काय झांकावें हें तिनेंच ठरवावें, आणि कोपऱ्यांत आपलें नांव घालावें. अक्षर येत नसेल तर तिच्या मुलीनें खडूनें आंखून द्यावें व आईनें त्यावर टाका घालावा. जिला शिवावयाचें नसेल तिला कोणीं आग्रह करूं नये.

परीक्षेचें कारण पुढें करणाऱ्यांस मी एवढेंच विचारतों कीं, इतिहासाच्या तासाला जें तोंडपाठ होतें, त्यांतलें किती घरीं जाऊन आजीला विचारतां येतें? शिवाय घाई आहे ती निराळ्याच कारणानें. सुती लुगडीं नेसणाऱ्या म्हाताऱ्या थोड्या उरल्या. कृत्रिम धाग्याच्या साड्या सुईखालीं निसटतात, आणि बाजारांतील मऊ ब्लँकेट स्वस्त पडतें. एकसारखा बारीक टाका घालणारी बाई गेली, कीं तिचा हात पुस्तकांतून शिकतां येत नाहीं.

तेव्हां काम पावसाळ्यांत सुरू करावें. प्रत्येक मुलानें घरांतील राबलेल्या कपड्याचा वीतभर तुकडा आणावा. नवें कापड घेऊं नये. ठिगळें दसऱ्यापूर्वीं जोडून झालीं पाहिजेत, कारण पुढें मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या फडाकडे निघतात. शिवणाऱ्या हातांपैकीं कित्येक हात त्यांच्याबरोबर जातात, आणि वर्गांतील कांहीं मुलेंही.