दोन मशीनवर चालवून दाखवा

फायनल इयरच्या ग्रुपनं प्रोजेक्टसाठी चॅट अ‍ॅप्लिकेशन निवडलं की बहुतेक गाइड नाक मुरडतात. व्हॉट्सअ‍ॅप २००९ पासून आहे, त्यात तुम्ही नवीन काय करणार, असा त्यांचा सवाल असतो. मला हा विषय आजही उत्तम वाटतो. बिघडली आहे ती तो करून घ्यायची पद्धत.

नांदेड असो की लातूर, चित्र सारखंच. चौघांतला एकजण कुठून तरी कोड मिळवतो, दुसरा पीपीटी करतो, उरलेले ब्लॅक बुकच्या छपाईचे पैसे भरतात. व्हायवाला सर्व्हर आणि क्लायंट एकाच लॅपटॉपवर, लोकलहोस्टवर. एका विंडोतला ‘हाय’ दुसऱ्या विंडोत उमटतो आणि सही होते.

तोच प्रोग्राम लॅबमधल्या दोन मशीनवर टाकून बघा. आधी फायरवॉल अडवते. मग जावा स्विंगची विंडो गोठते, कारण मेसेजची वाट बघणं आणि स्क्रीन सांभाळणं ही दोन्ही कामं एकाच थ्रेडवर लादलेली असतात. पाठोपाठ पाठवलेले दोन मेसेज चिकटून येतात. टीसीपी बाइट क्रमानं पोहोचवतो, मेसेज कुठं संपला हे सांगत नाही. ती खूण सर्व्हर लिहिणाऱ्यानं आणि क्लायंट लिहिणाऱ्यानं आधी बसून ठरवायची असते. टीमवर्क म्हणतात ते हेच.

आता मराठीत टाइप करा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘नांदेड’ १८ बाइटांचं, ‘लातूर’ १५. वाचायचा बफर १०२४ बाइटांचा ठेवला, तर सलग देवनागरी मजकुरातली ३४१ चिन्हं नीट येतात आणि पुढचं मधूनच तुटतं. प्रत्येक तुकड्याची लगेच स्ट्रिंग केली की त्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. इंग्रजी ‘हाय’नं ही चूक कधीच उघडी पडत नाही. आपल्या भाषेत बोलणाऱ्या पोरांनी ती स्वतः शोधून काढावी, असं मला मनापासून वाटतं.

इथं सोयी नाहीत, असंही नाही. नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. लातूरनं तर अभ्यासाचा पॅटर्नच राज्याला दिला. आपली मुलं कष्टाला कमी नाहीत. तरीही पुण्यातल्या मुलाखतीत ‘यात तू स्वतः काय केलंस?’ असं विचारलं की ती अडखळतात, याचं वाईट वाटतं.

म्हणून गाइड आणि एक्स्टर्नल सर-मॅडमना एक विनंती. सही करण्याआधी प्रोजेक्ट दोन मशीनवर चालवायला सांगा आणि मधेच एक केबल काढा. ती निघाल्याचं सर्व्हरला आपोआप लगेच कळत नाही. ते कळावं म्हणून काय केलंय, हे चौघांपैकी कुणालाही विचारा. उत्तर आलं नाही तर आठवड्यानं पुन्हा बोलवा, पण सही देऊ नका.