'रिमोट खराब आहे' असं म्हणण्याआधी...



आज एका रिमोटबद्दल लिहिणार आहे. तुम्ही म्हणाल, शाळेच्या लेखात रिमोट कशाला? पण त्या एका रिमोटने मला जे शिकवलं, ते डी.एड.च्या दोन वर्षांत पाठ टाचणं काढताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

आमची शाळा छोटी. दोन शिक्षक, पहिली ते चौथी. २०१५ नंतर गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल होऊ लागल्या, त्या लाटेत आमच्याही एका खोलीत टीव्ही आला. मग कुणी सेट टॉप बॉक्स दिला, कुणी प्रोजेक्टर, कुणी स्पीकरचा संच. वस्तू चार, रिमोटही चार. एकाचे सेल संपलेले, एकाचं झाकण रबरबँडने बांधलेलं. तासाची पहिली आठ-दहा मिनिटं 'कुठला रिमोट कशाचा' यातच जायची.

आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो. दिवाळीत गावी आला तेव्हा त्याने हे पाहिलं आणि स्वतःचा जुना प्रोग्रॅमेबल रिमोट शाळेला दिला. म्हणजे असा रिमोट, जो एकटाच चारही वस्तू चालवतो. मात्र आपल्याकडे कोणता टीव्ही आहे, कोणता प्रोजेक्टर आहे, हे त्याला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी तो वायरने कॉम्प्युटरला जोडायचा, कॉम्प्युटरवर त्याचा प्रोग्रॅम उघडायचा, वस्तूंची यादी भरायची आणि ती माहिती रिमोटमध्ये पाठवायची. ही कल्पना तशी जुनी आहे. ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी १९८७ मध्ये 'कोअर' नावाचा असाच रिमोट काढला होता. तोसुद्धा कॉम्प्युटरला जोडता यायचा.

मी रिमोट जोडला. त्याच्या छोट्या पडद्यावर दिवा लागला, चार्जिंगचं चिन्ह आलं. आणि कॉम्प्युटर म्हणाला, रिमोट सापडला नाही.

माझी पहिली चूक

त्या संध्याकाळी मी काय काय केलं ते सांगते. वायर काढून दुसऱ्या भोकात घातली, प्रोग्रॅम काढून परत टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, रिमोट दोनदा हातावर आपटला. सगळं एकदमच. काही झालं नाही. समजा झालं असतं, तरी नेमकं कशामुळे झालं हे मला कळलं नसतं! तालुक्याच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "जुना रिमोट आहे मॅडम, खराब झाला असेल. नवीन घ्या." मुख्याध्यापक सर म्हणाले, "ठेवा कपाटात. डेडस्टॉकला घ्यायचा की नाही ते नंतर बघू."

रिमोट कपाटात गेला. तिथे आधीपासून एक टेपरेकॉर्डर, एक रेडिओ आणि दोन कीबोर्ड होतेच. खरं सांगा, तुमच्या शाळेतही असं एक कपाट आहे ना? त्यातल्या किती वस्तू खरंच बिघडल्यात आणि किती नुसत्याच 'बिघडल्या असतील' म्हणून आत गेल्यात, हे कुणी पाहिलंय?

मग वर्गात काय झालं

आठवड्याने चौथीच्या मुलांनीच विचारलं, "मॅडम, तो नवीन रिमोट कुठंय?" मी म्हटलं, खराब आहे. एक मुलगी म्हणाली, "पण त्याचा दिवा लागला होता."

मला उत्तर देता आलं नाही. दिवा लागत होता, म्हणजे काहीतरी चालू होतं. मग सगळंच खराब कसं?

दुसऱ्या दिवशी मी रिमोट वर्गात आणला आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले.

१. रिमोटला वीज मिळते का?
२. कॉम्प्युटरला रिमोट दिसतो का?
३. प्रोग्रॅमला रिमोट दिसतो का?

पहिल्याचं उत्तर सगळ्यांनी एका सुरात दिलं, हो! तिसऱ्याचं उत्तर नाही. म्हणजे घोळ मधल्या प्रश्नाजवळ होता. मोबाईल, पेनड्राईव्ह किंवा कॅमेरा जोडला की कॉम्प्युटर 'टुंग' असा आवाज करतो. रिमोट जोडल्यावर तो आवाजच येत नव्हता. म्हणजे कॉम्प्युटरला रिमोट दिसतच नव्हता. आणि मी मात्र त्या दिवशी प्रोग्रॅम काढून टाकत बसले होते!

मग आम्ही एक नियम केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं. आधी भोक बदललं, पुढच्या बाजूचं सोडून मागचं घेतलं. फरक नाही. लिहिलं. मग कॉम्प्युटर बंद-चालू केला. फरक नाही. लिहिलं. आता काय बदलायचं?

मागच्या रांगेतला एक मुलगा सहसा बोलत नाही. वाचनात मागे म्हणून त्याचं नाव माझ्या यादीत होतं. तो म्हणाला, "मॅडम, वायर बदला. आमच्या बॅटरीची वायर आहे ना, तिच्यानं मोबाईल चार्ज होतो, पण फोटो जात न्हाईत."

ही वायर रिमोटबरोबर आलेली नव्हती. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सापडली, टोक बसलं, म्हणून मी लावली होती. साध्या यूएसबी वायरच्या आत चार तारा असतात. दोन वीज नेतात, दोन माहिती नेतात. काही स्वस्त वायरींमध्ये फक्त विजेच्याच दोन तारा घातलेल्या असतात. बाहेरून दोन्ही वायरी अगदी जुळ्या बहिणी. दिवा लागतो, चार्जिंग होतं, पण बोलणं होत नाही.

पण वायरच खराब आहे हे सिद्ध कसं करायचं? शाळेचा जुना डिजिटल कॅमेरा होता, त्याचं टोकही तसंच, जुन्या पद्धतीचं. आम्ही संशयित वायर कॅमेऱ्याला लावली. फोटो दिसले नाहीत. मग कॅमेऱ्याची स्वतःची वायर लावली. फोटो दिसले! कॅमेरा तोच, कॉम्प्युटर तोच, भोक तेच, बदलली फक्त वायर. मित्रांनो, 'एकच घटक बदला, बाकीचे तसेच ठेवा' हे प्रयोगाचं तत्त्व मी किती वेळा तोंडाने सांगितलं असेल. त्या दिवशी मुलांनी ते हाताने केलं.

कॅमेऱ्याची वायर रिमोटला लावली. 'टुंग'! वर्गात जो आरडाओरडा झाला तो शेजारच्या वर्गातल्या सरांनीही ऐकला.

गोष्ट इथे संपली नाही

प्रोग्रॅम अजूनही म्हणत होता, रिमोट सापडला नाही. मुलांचे चेहरे पडले. मी म्हटलं, फळ्याकडे बघा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता 'हो' झालंय. म्हणजे आपण एक पायरी वर आलो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर म्हणून एक जागा असते, तिथे जोडलेल्या वस्तूंची यादी दिसते. तिथे आमच्या रिमोटच्या नावापुढे पिवळं चिन्ह होतं. त्याचा अर्थ, वस्तू जोडलेली आहे हे कॉम्प्युटरला कळतंय, पण तिच्याशी बोलायला लागणारा ड्रायव्हर नीट बसलेला नाही. मी मुलांना सांगितलं, पाहुणा दारात आलाय, पण त्याची भाषा घरात कुणाला येत नाही. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. माझ्या मोबाईलचं नेट जोडून तो टाकला, कॉम्प्युटर परत चालू केला, आणि रिमोट सापडला.

सगळं मिळून तीन अर्धे तास लागले. खर्च शून्य.

शेवटी एका मुलाने विचारलं, "पण रिमोट टीव्हीला सांगतो कसं?" मग मोबाईलचा सेल्फीचा कॅमेरा चालू केला, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरून बटण दाबलं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मोबाईलच्या पडद्यावर जांभळट पांढरा ठिपका लुकलुकतो. हे अवरक्त किरण. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्या रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवून ते शोधले. तिथे रंग दिसत नव्हता, पण पारा चढत होता. घरी हा प्रयोग जरूर करा. (मागच्या कॅमेऱ्यात हे किरण अडवणारी काच बऱ्याचदा असते, म्हणून सेल्फीचा कॅमेरा.)

माझं म्हणणं काय आहे

माझं म्हणणं साधं आहे. आपण शाळेत मुलांना वस्तू वापरायला देतो, पण बंद पडलेल्या वस्तूंच्या जवळ येऊ देत नाही. खरं शिक्षण तर वस्तू बंद पडल्यावर सुरू होतं. चालू टीव्हीसमोर मूल नुसतं बघत बसतं. बंद टीव्हीसमोर ते विचारतं, का? ज्ञानरचनावादावर आपण इतकी प्रशिक्षणं घेतली. ज्ञानाची रचना व्हायला आधी एखादा खरा प्रश्न लागतो. असे खरे प्रश्न आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवलेले आहेत.

यावर शिक्षक परिषदेत सहकारी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. एक, अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा? मी म्हणते, परिसर अभ्यासाचे आणि भाषेचे मिळून तीन अर्धे तास गेले. मुलांनी निरीक्षणं लिहिली, अंदाज बांधले, आपला मुद्दा दुसऱ्याला पटवून दिला. ही अध्ययन निष्पत्तीच आहे की. दोन, काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची? डेडस्टॉक रजिस्टरला नाव आपलं असतं, ही भीती खोटी नाही. म्हणून मीही एक रेघ आखली आहे. सेलवर चालणारी आणि कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडायची वस्तू मुलं हाताळतील, कारण तिथे पाच व्होल्टच असतात. भिंतीतल्या प्लगची वीज, स्पीकरच्या संचाचं झाकण, प्रोजेक्टरचं आतलं काम, याला मुलांचा हात लागणार नाही. ते मीही उघडणार नाही. वस्तू न उघडताही तिच्याबद्दल पुष्कळ शोधता येतं, हे या रिमोटने दाखवलंच.

पालकांनाही एक विनंती. घरी रिमोट चालला नाही की आपण त्याला चापट मारतो. कधी कधी तो चालूही होतो, कारण सैल झालेला सेल जागेवर बसतो. पण मुलाला त्यातून काय कळतं? मार दिला की काम होतं! त्यापेक्षा त्याला विचारा, सेल बदलून बघू का? सेलच्या टोकांवर गंज आहे का? सेल्फीच्या कॅमेऱ्यात ठिपका दिसतो का? पाच मिनिटं लागतील. पण आपले आईवडील अडचणीसमोर चिडत नाहीत, शोधत बसतात, हे मूल बघेल.

आणि एक मनातली गोष्ट

त्याच आठवड्यात वजाबाकी तपासत होते. एका मुलीने ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिलं होतं. अशी सात उदाहरणं, सातही चूक. पूर्वी मी शेरा मारला असता, 'वजाबाकी येत नाही', आणि सगळा पाठ पहिल्यापासून परत घेतला असता. या वेळी फळ्यावरचे तीन प्रश्न आठवले. हिला काय येतंय? सातातून दोन गेले पाच, बरोबर. पाचातून दोन गेले तीन, बरोबर. म्हणजे वजाबाकी येते. ती फक्त मोठ्या अंकातून लहान अंक काढत होती, वर कोणता आणि खाली कोणता हे न बघता. दोनातून सात जात नाहीत तेव्हा दशक सुटा करायचा, एवढी एकच तार तुटलेली होती. काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलो, एक गठ्ठा सोडला, आणि तिला ते कळलं.

'रिमोट खराब आहे' आणि 'याला गणित येत नाही' ही दोन वाक्यं एकाच कारखान्यातली आहेत. दोन्हीत शोधायचे कष्ट वाचतात, आणि दोन्हीचा शेवट कपाटात होतो. वस्तू कपाटात गेली तर दोन-चार हजारांचं नुकसान. मूल गेलं तर?

वायर ओळखणाऱ्या त्या मुलाचं वाचन अजूनही मागेच आहे, खोटं कशाला सांगू. पण आता मी त्याच्या बाबतीत 'वाचता येत नाही' असं लिहीत नाही. कोणती अक्षरं ओळखतो, कुठल्या जोडाक्षरावर अडतो, ते लिहिते. एका वेळी एकच गोष्ट बदलते, आणि वहीत नोंद करते.

रिमोटची ती फसवी वायर आम्ही फेकली नाही. तिला कागदाची चिठ्ठी बांधून ठेवली आहे. मुलांनीच लिहिलंय, 'फक्त चार्जिंगसाठी'.

तुमच्या शाळेच्या कपाटातून या महिन्यात एक तरी वस्तू बाहेर काढा. मुलांना काय सापडलं ते मलाही नक्की कळवा.