ब्लॅक बुकऐवजी पॅच चालेल का?



संगमनेर, लोणी, कोपरगाव, नगर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या अहवालाची ब्लॅक बुकं बांधली जातात. सोनेरी अक्षरं, व्हायवा, आणि मग कपाट. त्यातले काही प्रोजेक्ट तयार विकत आणलेले असतात, हे परीक्षकांनाही ठाऊक असतं. माझी सूचना अशी : संगणक शाखेतल्या ज्यांची तयारी असेल, त्यांना याऐवजी ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पाला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवून गुण मिळवू द्यावेत.

त्यातून काय शिकायला मिळतं? आपल्या जिल्ह्याचंच नाव घ्या. ऑक्टोबर 2024 मध्ये अहमदनगरचं अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. जिल्ह्यांची यादी असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हा बदल करायचा, तर नवखा मुलगा सरसकट जुना शब्द काढून नवा घालेल. मग 1947 सालचं अहमदनगर कॉलेजही त्या झपाट्यात सापडेल आणि जुन्या नावाने साठवलेल्या नोंदी शोधून मिळणार नाहीत. प्रकल्प सांभाळणारा मेंटेनर नेमकं इथेच अडवतो. जुनं नाव टाकलं तर काय दिसेल? चाचणी कुठे आहे? अधिसूचनेचा दाखला? (ओपनस्ट्रीटमॅपवर जुन्या नावासाठी वेगळा टॅगच आहे.) चारचौघांत लेखी उत्तरं द्यायची, पॅच सुधारून पुन्हा पाठवायचा, हे आपल्या वर्गात कुणी करून घेत नाही.

सक्ती मात्र नको. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरात पॅच पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या उपक्रमात 2020 साली, त्या टी-शर्टासाठी रीडमी या माहितीच्या फाइलीत एखादा शब्द घुसडणाऱ्यांचा असा लोंढा आला, की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलून, संमती देणारेच प्रकल्प धरावे लागले. त्याला निमित्त एका भारतीय यूट्यूबरचा व्हिडिओ होता. टी-शर्टाच्या जागी गुण ठेवले, की तेच होईल. मेंटेनर बहुधा फावल्या वेळात काम करतात. वर्गातल्या साठ जणांचा कचरा त्यांनी का उपसावा? पॅच आधी विभागातल्या शिक्षकांनी तपासावा.

‘पॅच घेतला जाणं मुलाच्या हातात नसतं,’ असा आक्षेप येईल. बरोबर आहे, म्हणून गुण स्वीकृतीला नकोत, पद्धतीला हवेत. लिनक्स कर्नेलचे नियम उघड आहेत : एका पॅचमध्ये एकच बदल, साध्या मजकुराचा ईमेल, खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही पाठवणाऱ्याच्या नावाची ओळ, आणि उत्तर आलं नाही तर निदान आठवडाभर धीर. नाकारलेल्या पॅचलाही, नकाराचं कारण मुलाला सांगता आलं तर, गुण मिळावेत. बाहेरून आलेल्या परीक्षकाला तो सगळा पत्रव्यवहार तारखांसह वाचता येतो. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने पुढच्या वर्षी एका तरी महाविद्यालयात हे करून पाहावं.

— एक वाचक, संगमनेर