जाहिरातीला सोंग कशाला?

ऑनलाइन जाहिरातीच्या धंद्यातले एक जाणकार सध्या हिरिरीने सांगत सुटले आहेत की, वाचक दूधखुळा नसतो. मजकुरात मिसळलेली जाहिरात कुणाला खुपत नाही, तिच्यावरच फुकट वाचन चालतं आणि वर 'प्रायोजित' लिहिलेलं असताना फसवणूक कसली, असा त्यांचा सवाल.

जाहिरातीच्या पैशावर वाचन चालावं, याला हरकत नाहीच. हरकत आहे ती सोंगाला.

आता ते 'प्रायोजित' पाहू. गूगलच्या शोधपानावर जाहिरातींमागे एकेकाळी रंगीत पट्टा असे. तो गेला, छोटी पिवळी चौकट आली. २०१६ मध्ये ती हिरवी झाली, खालच्या पत्त्याच्या ओळीइतकीच हिरवी. जानेवारी २०२० मध्ये डेस्कटॉपवर नुसती काळी अक्षरं उरली आणि तीही इतर निकालांपुढे जिथे संकेतस्थळाचं चिन्ह दिसे, नेमक्या त्याच जागी. खूण कधीच काढली नाही. ती नजरेत भरणार नाही एवढंच पाहिलं. मराठी पाककृतीच्या व्हिडिओंतही तेच. थालीपीठ तव्यावर पडतं, तेलाची पिशवी नाव समोर करून ओट्यावर येते, "आमच्याकडे हेच वापरतात" असं ऐकू येतं. 'अॅड' हा शब्द मात्र खाली, 'मोअर' दाबल्यावर उघडणाऱ्या हॅशटॅगांच्या गर्दीत. अशी सरमिसळ नको, व्हिडिओत ते बोलूनही सांगा, असं केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शनात स्वच्छ म्हटलं आहे. वाचक एवढा हुशार आहे, तर त्याच्यापासून लपवण्याचा खटाटोप कशासाठी?

हा वाद जुनाच. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांत एकाच नेत्याच्या कौतुकाचा शब्दशः सारखा मजकूर वेगवेगळ्या नावांखाली बातमी म्हणून छापून आला. पैसे दिले की नाही, यावर पुढे वर्षानुवर्षं खल झाला. सकाळी चहासोबत ती 'बातमी' वाचणाऱ्याला मात्र शंका घ्यायलाही जागा ठेवली नव्हती.

जाहिरात असावी आणि दणदणीत असावी. दिवाळी अंकांतल्या पानभर जाहिराती आपण वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी पाहत आलो, त्यांवर अंकही निघाले. मथळ्याच्या वर, मथळ्याइतक्याच ठळक अक्षरांत 'जाहिरात' एवढा एक शब्द पुरे. संपादकांनो, व्हिडिओ करणाऱ्यांनो, पैसे घेतले असतील तर पहिल्याच वाक्यात सांगा, आणि मराठीत सांगा.