आई म्हणजे 'बापीण'?



माणसामाणसांतला दुरावा मिटावा म्हणून झामेनहॉफ यांनी १८८७ साली एस्पेरांतो ही नवी भाषा मांडली. रूढीचं ओझं नव्हतं, कोरी पाटी होती. तरी नात्यांचे मूळ शब्द पुरुषांचेच ठेवले. 'पात्रो' म्हणजे बाप. मध्ये 'इन' घातलं की 'पात्रिनो', आई. आपण 'बापीण' म्हणावं तसं! सुझेट हेडन एल्जिन या अमेरिकन लेखिकेने १९८२ मध्ये स्त्रियांसाठी 'लाआदान' रचायला घेतली. तिथे प्रत्यय पुरुषाला लागतो.

मराठीत निदान 'आई' स्वतंत्र आहे. पण 'भावंडां'त बहिणी भावाच्या पोटात गेल्याच. आणि आपली 'कार्यकर्ती'? तीही 'कार्यकर्त्या'वरूनच बेतलेली. दुसरा शब्द सुचत असेल तर पुढच्या अंकासाठी जरूर कळवा.