अलहम्ब्रा आणि आपली फराहबाग

हल्ली आमच्या एपीएमसी मार्केटात गाळ्यावरच्या गप्पांत युरोप टूर हमखास निघते. पॅरिस, स्वित्झर्लंड करून झालेली मंडळी आता स्पेनलाही जाऊ लागली आहेत, आणि तिथला अलहम्ब्रा राजवाडा पाहून आली की आठवडाभर त्याचंच पुराण चालतं. फोटो खरंच बघण्यासारखे असतात. पण अशा प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारतो, नगरची फराहबाग पाहिलीत का? बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं. नगरचा कांदा रोज आमच्या दारात उतरतो, पण नगर म्हणजे शिर्डीचा जिल्हा, यापलीकडे फारशी ओळख नाही. (२०२४ मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं. बोलताना अजून नगरच तोंडात येतं.)

आधी थोडं अलहम्ब्राबद्दल. स्पेनच्या दक्षिणेला ग्रानाडा नावाचं शहर आहे. ग्रानाडा म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब, आणि शहराच्या चिन्हातही डाळिंबच आहे. तिथल्या टेकडीवर १२३८ च्या सुमारास नस्री घराण्याच्या पहिल्या सुलतानाने हा वाडा सुरू केला. अल-हम्रा म्हणजे तांबडी. पुढे शे-सव्वाशे वर्षांनी पाचव्या मुहम्मदाने प्रसिद्ध सिंहांचा चौक बांधला. बारा दगडी सिंहांच्या पाठीवर कारंजं, चौफेर बारीक खांब, आणि छताला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी. गंमत म्हणजे यातला बराचसा थाट संगमरवराचा किंवा सोन्याचा नाही. गिलावा, लाकूड, रंगीत फरशा आणि पाणी! दारो नदीचं पाणी पाट काढून वर आणलं, म्हणून तो डोंगर बागेचा झाला.

आता आपल्याकडे या. १४९० मध्ये मलिक अहमदने बहामनी राज्यातून फुटून निजामशाही सुरू केली आणि मग नगर शहर वसवलं. दोनच वर्षांनी, १४९२ मध्ये, तिकडे शेवटच्या सुलतानाने ग्रानाडाच्या किल्ल्या इसाबेला आणि फर्डिनंडच्या हाती दिल्या. तिकडे एक दरबार संपत होता तेव्हा इकडे एक सुरू होत होता.

या दरबाराचा सगळ्यात देखणा महाल म्हणजे शहराच्या आग्नेयेला असलेली फराहबाग. फराहबक्ष असंही म्हणतात, म्हणजे आनंद देणारी. मुर्तजा निजामशहाच्या काळात ती बांधली गेली. चंगीझखान, न्यामतखान आणि सलाबतखान अशा तीन कारभाऱ्यांचे हात तिला लागले आणि १५८३ मध्ये ती पूर्ण झाली. भल्यामोठ्या तळ्याच्या मधोमध अष्टकोनी इमारत, चार दिशांना उंच कमानी, आत दोन मजले उंचीचा दिवाणखाना आणि वर घुमट. दगड-चुन्याच्या भिंती आणि त्यावर गिलाव्यातली नक्षी. इथेही चुना आणि पाणीच. नगरला आसपासच्या गावांतून जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी येत असे, आणि पर्जन्यछायेतल्या त्या कोरड्या मुलखात तळ्यात उभा असलेला महाल म्हणजे केवढी चैन असेल! आज तळं कोरडं आहे, आणि पाणी नसलेली फराहबाग म्हणजे तार काढून घेतलेला तंबोरा.

तर सांगायचा मुद्दा असा. अलहम्ब्रा पहिल्यापासून असा नटलेला नव्हता. पुढच्या राजांनी त्यातला काही भाग पाडून स्वतःचा वाडा उठवला. नंतर शतकभर तो पडीकच होता. १८१२ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने जाताजाता काही बुरूज सुरुंगाने उडवले. १८२९ मध्ये वॉशिंग्टन अर्व्हिंग हा अमेरिकन लेखक त्या पडक्या वाड्यात जाऊन राहिला, तिथल्या गोष्टी गोळा केल्या आणि १८३२ मध्ये पुस्तक छापलं. लोकांचं लक्ष वळलं. १८७० मध्ये तो राष्ट्रीय स्मारक झाला आणि १९८४ मध्ये जागतिक वारसा. मोडलेल्या नक्ष्या जोडत जोडत हे काम पिढ्यान् पिढ्या चाललं. आपल्या शत्रूचा वाडा आपलाच आहे, असं एक दिवस स्पेनने ठरवलं. मला यातलं हे ठरवणं महत्त्वाचं वाटतं. पैसा त्यानंतर आला.

स्पेनची आरती ओवाळायची नाहीये. त्याच स्पेनने १६०९ नंतर मुसलमानांच्या वंशजांना, बाप्तिस्मा घेतलेले असूनही, देशाबाहेर काढलं. त्यांनी माणसं हाकलली आणि वाडा ठेवला. आपल्याकडे माणसं इथेच राहिली, पण वाड्याला आपण परका करून टाकला.

आणि निजामशाही परकी कशी म्हणायची? मलिक अहमदचा बाप मूळचा ब्राह्मण, पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या कुळातला, असं फरिश्ता लिहितो. हा फरिश्ता तरुणपणी याच मुर्तजाच्या चाकरीत होता. मालोजीराजांनी नगरच्या शाहशरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्यातले शरीफजी १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीच्या लढाईत निजामशाहीच्या बाजूने लढताना पडले. शहाजीराजांनी १६३३ मध्ये पेमगिरीवर लहान मुलाला गादीवर बसवून तीन वर्षं हेच बुडतं राज्य तगवलं. ज्या राज्यासाठी भोसल्यांच्या घरातलं रक्त सांडलं, त्याचा महाल आपला नाही?

आमच्या मार्केटात दिवसभर कानावर पडणारे शब्द घ्या. हमाल, दलाल, माल, नफा, किंमत... सगळे मुळात अरबी. उलट आपलं नारिंग इराण-अरबस्तानातून स्पेनला पोचलं आणि तिथे नारान्हा झालं. शब्दांना आपण कधी परकं म्हणत नाही, त्यांच्याशिवाय एक गोणी विकली जाणार नाही. मग कमानीनेच काय घोडं मारलंय?

नगरमध्ये सांगतात की शहाजहानला ताजमहाल सुचला तो फराहबाग पाहून. ही दंतकथा लोक अभिमानाने सांगतात, पण मला ती ऐकून वाईट वाटतं. आपल्या महालाची किंमत पटवायला आग्र्याची साक्ष कशाला लागावी? दुसरं उदाहरण त्याच शहरातलं. डोंगरावर दिसणाऱ्या इमारतीला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे, म्हणजे फराहबाग पुरी करणाऱ्या माणसाचीच! ज्याने शहराला एवढं दिलं त्याचं नाव त्याच्या कबरीवरूनही पुसलं गेलं.

माझ्या मते सुरुवात साधी आहे. कबरीला तिच्या धन्याचं नाव परत मिळावं. फराहबागेपाशी कोणी बांधली, पाणी कुठून यायचं, छत कसं तोललंय हे सांगणारा स्वच्छ मराठी फलक असावा. निदान पावसाळ्यात तळ्यात थोडं पाणी ठेवता येईल का, हे जाणकारांनी बघावं. आणि आपण नगरची मंडळी, सासरची असोत वा माहेरची, आजी-आजोबांकडून ऐकलेल्या तिथल्या गोष्टी लिहून काढू या. अलहम्ब्राची सुरुवातही गोष्टींपासूनच झाली होती.

स्पेनला जरूर जा, पैसे साठवून जा. पण वाशीहून नगर एका दिवसाच्या अंतरावर आहे, पासपोर्ट लागत नाही. आधी तिथे जाऊन या, म्हणजे अलहम्ब्राही जास्त कळेल.