खवल्यांच्या माशाची साक्ष

कोकणातल्या बेने इस्राएलांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: बिचारे आपला धर्म विसरूनच गेले होते, रहाबी आला म्हणून पुन्हा ज्यू झाले. थोडी अधिक विद्वान मंडळी त्यापुढे एक पायरी चढतात. त्यांच्या मते हे लोक मुळात तेल्यांची एक जात; कोचीनच्या ज्यू व्यापाऱ्यांनी, मिशनऱ्यांनी आणि पुढे बगदादी ज्यू शेठजींनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात त्यांना ज्यूपण शिकवले आणि ते ज्यू म्हणवून घेऊ लागले. पहिल्या वाक्यात दया आहे, दुसऱ्यात संशय. दोन्हींचा आधार एकच कथा आहे, आणि गंमत म्हणजे ती कथाच दोन्ही म्हणणी खोटी पाडते.

कथा अशी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेल्यांचे वंशज गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ ठरले. पुढे केव्हातरी डेव्हिड रहाबी नावाचा परका ज्यू तिथे पोचला. हे खरेच ज्यू आहेत का, हे पाहायला त्याने बायकांना मासळी रांधायला दिली. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे ठेवले, बाकीचे बाजूला काढले. रहाबीची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या माणसांना शिकवून काजी, म्हणजे समाजाचे धर्मप्रमुख केले.

आता विचारा, या परीक्षेत उत्तर कुणाजवळ होते? रहाबीने नियम सांगितला आणि मग मासे दिले, असे कथा म्हणत नाही. नियम चुलीपाशी आधीच होता. शिकवणारा यायच्या आधी शिकलेले असणे, हाच तर त्या परीक्षेचा विषय. वाचलेल्या जोडप्यांचा आकडा इतका नीटनेटका आहे की तो दंतकथेचाच असणार, हे मीही मान्य करतो. पण दंतकथाच पुराव्यात आणायची तर अर्धी आणून चालणार नाही.

आणि कथेवर विसंबण्याची गरजही नाही, कागद आहेत. मद्रासकडे काम करणाऱ्या सार्टोरियस या मिशनऱ्याने 1738 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या या लोकांची ऐकीव माहिती लिहून ठेवली आहे: नाव ‘बेने इस्राएल’, जवळ बायबल नाही, सुंता करतात, ‘शमा’ ही प्रार्थना म्हणतात. अनेक अभ्यासक रहाबी म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात तो कोचीनचा डेव्हिड इझिकेल रहाबी जन्मला 1721 मध्ये. म्हणजे सार्टोरियसने लिहिले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. कोकणात जाऊन एखाद्या समाजाला नाव, सुंता आणि प्रार्थना शिकवून मोकळा झाला, असे त्या वयाच्या पोराबद्दल म्हणायला फार धाडस लागेल. त्याच्या बापाने, इझिकेल रहाबीने, 1768 मध्ये हॉलंडला पाठवलेल्या पत्रातही हेच आहे: घाणे चालवतात, काही जण शिपाईगिरी करतात, धर्मातले शमा आणि शब्बाथची विश्रांती सोडून त्यांना काही ठाऊक नाही. हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिणारे मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले ते 1829 मध्ये. सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले ते 1796 मध्ये, म्हणजे विल्सनच्याही आधी. कोणी कुणाला ज्यू केले, याचा हिशेब या तारखा आधी मांडून मग करावा.

‘शमा सोडून काही ठाऊक नाही’ हे वाक्य विरोधक हातात घेऊन नाचवतात. पण ते लिहिणारे पोथी वाचणारे लोक होते, त्यांनी पोथी शोधली आणि ती नव्हती. वर्षाचे सण त्यांना दिसले नसतील, कारण सणांची नावे हिब्रूत नव्हती. वर्षारंभाला नव्याचा सण म्हणत. प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफळणीचा सण. दारे लावून, पांढरे कपडे घालून, उपास धरून माणसे घरात बसत. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दिवस बिरड्याचा सण झाला होता. वाल भिजवून त्यांना मोड आणणाऱ्या बाईला त्या मंदिराचा इतिहास सांगता आला नसेल. पण ते दिवस पाळायचे हे तिला ठाऊक होते, आणि ते ठाऊक असायला इतिहास सांगता यावाच लागतो असे नाही. मराठी नावे होती म्हणून सण मराठी, हा तर्क शेंबड्या पोराच्याही गळी उतरू नये.

विसरले काहीच नाही, असा माझा दावा नाही. हिब्रू गेली होती. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळांमुळे आणि जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्यांच्या मराठी भाषांतरांमुळे पुष्कळ काही परत आले. हाईम सॅम्युअल केहीमकरांनी 1875 मध्ये इस्राएली शाळा काढली ती ही उणीव ओळखूनच. पण उणीव भरून काढणे वेगळे आणि नव्याने जन्मणे वेगळे. पोलंडमधल्या ज्यूने हिब्रूचे आधुनिक व्याकरण शिकले तर तो त्या दिवशी ज्यू झाला असे कुणी म्हणत नाही. कोकणातल्याला मात्र ही सवलत नाही.

हा दुजाभाव परक्यांनी दाखवला तर नवल वाटू नये; तो धर्मबांधवांनी दाखवला. 1836 मध्ये मुंबईच्या बगदादी ज्यूंनी दफनभूमीत दोन समाजांच्या मधे भिंत घालण्याची मागणी सरकारकडे केली. इस्राएलमध्ये 1961-62 मध्ये मुख्य रब्बी निस्सीम यांच्या रब्बीमंडळाने बेने इस्राएलांच्या लग्नांआधी आई-आजीपर्यंत वंशाची चौकशी करायला सांगितले. शंका दोन होत्या. पूर्वजांत अन्यधर्मीय मिसळले असतील, आणि ‘गेट’ म्हणजे धर्मशास्त्रीय काडीमोडाचा लेख यांना ठाऊक नसल्याने काडीमोड झालेल्या बायकांनी पुन्हा लग्ने केली असतील. तसे झाले असेल तर त्यांची पुढची संतती ‘ममझेर’, आणि तिचे लग्न इतर ज्यूंशी होऊ शकत नाही. रब्बींचा हेतू मी वाईट धरत नाही. शास्त्राला शंका विचारायचा हक्क आहे. पण शास्त्र पुरते तरी लावा. ममझेरचा प्रश्न ज्यूंपुरताच उद्भवतो, अन्यधर्मीयाला तो डाग लागूच शकत नाही. म्हणजे दुसरी शंका विचारताना रब्बींनी त्यांचे ज्यूपण गृहीतच धरले होते. शिवाय त्या समाजात काडीमोड आणि विधवाविवाह जवळजवळ नव्हते. शेजारच्या हिंदूंकडून उचललेली रीत म्हणून जिच्याकडे नाक मुरडले जाई, तिच्यामुळेच रब्बींच्या भीतीला जागा उरत नव्हती. (विधवांनी त्याची काय किंमत मोजली, हा वेगळ्या लेखाचा विषय, तो कुणीतरी लिहायलाच हवा.)

बेने इस्राएल रस्त्यावर उतरले, यरुशलेममध्ये धरणे धरून बसले, आणि ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेतने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे ठरवले. रब्बीमंडळाने आदेशातून त्यांचे नाव काढले, चौकशीचा नियम मात्र ठेवला.

वंशाच्या याच मोजपट्टीबद्दल घरच्यांनाही बोलले पाहिजे. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद कोकणातच होता. अन्यजातीय आईची संतती म्हणून काळ्यांशी रोटीबेटी वर्ज्य. ज्यांनी तो पाळला त्यांच्या नातवंडांना यरुशलेमात आज्यांची चौकशी सोसावी लागली, तेव्हा त्यांना तो आठवला असेल की नाही कुणास ठाऊक.

हल्ली जनुकांचा पुरावा आला आहे. 2016 च्या एका अभ्यासात बेने इस्राएलांत मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, असा दोन्ही वंश आढळला. काहींनी पेढे वाटले, काहींनी त्यातल्या भारतीय वाट्यावर बोट ठेवले. दोघेही चुकले. जगातला कुठला ज्यू समाज शेजाऱ्यांत मिसळला नाही? आणि प्रयोगशाळेने उलटे सांगितले असते तर शनिवारचे बंद घाणे काय पूर्वलक्षी प्रभावाने सुरू झाले असते?

उरतो शेवटचा आक्षेप, आणि तो जरा मऊ आहे: मराठीपण हा या मंडळींचा परिस्थितीने अंगावर चढलेला वेष, स्वदेशी गेल्यावर उतरणारच. 1951 मध्ये भारतात सुमारे सव्वीस हजार ज्यू होते, आज काही हजार उरलेत. बहुतेक बेने इस्राएल अश्दोद, लोद, दिमोना, बेरशेबात आहेत. त्यांची तिसरी पिढी हिब्रू बोलते, मराठी फारशी नाही, हे खरे. पण पुण्यात 1874 मध्ये छापलेली हग्गादा, म्हणजे वल्हांडणाची पोथी, पाहा: वल्हांडणाच्या बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका तिच्या चित्रांत लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. ज्यू धर्मग्रंथात स्वतःला असे काढून घेणाऱ्यांना ते वेषांतर वाटत नव्हते. आणि मलिदा घ्या. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे एलियाहू हनबी या संदेष्ट्याच्या नावाने ठेवायची ही रीत कोकणात होती तोवर म्हणता येत होते की शेजारच्या उरुसाची ही नक्कल. दिमोनात ना उरूस आहे ना पीर, नक्कल करावी असा शेजारीच नाही. तरी तिथे लग्नाआधी, नव्या घरात, नवस फेडताना पोहे भिजतात आणि मलिद्याचे ताट लागते.